अंगठा नको, उत्तर द्या



मोबाईलवर आलेल्या आमंत्रणाला उत्तर कसे द्यावे, हा काय लिहिण्याचा विषय आहे, असे काही वाचकांना वाटेल. आम्हालाही परवा परवापर्यंत तसेच वाटत होते. लोणावळ्यातील एका घरी नातीच्या पहिल्या वाढदिवसाला आम्ही गेलो आणि आमचे मत बदलले.

घरचा कर्ता चिक्कीच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. त्याची बायको बंगल्यांवर धुणीभांडी करते. रविवारी दुपारी विहाराच्या सभागृहात त्यांनी जेवण ठेवले होते. मुलाने मोबाईलवर छान रंगीत पत्रिका तयार केली. वर तथागत आणि बाबासाहेब, खाली बाळाचा फोटो. ती नातेवाइकांच्या आणि वस्तीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. शेवटी स्पष्ट लिहिले होते, 'किती जण येणार ते कळवावे.' दीडशेच्या वर लोकांनी पत्रिका पाहिली. साठ-सत्तर जणांनी अंगठा पाठवला, कोणी फुले, कोणी जोडलेले हात. आकडा लिहून कळवणारी घरे निघाली फक्त सात! कर्त्याने अंगठे मोजले, घरटी दोन माणसे धरली आणि आचाऱ्याला सव्वाशे पानांचा अंदाज दिला. त्यासाठी पगारातून उचल घेतली, किराणा उधारीवर आणला.

त्याच दिवशी तळेगावला समाजातल्याच एका सधन घरचा स्वागत समारंभ होता. बरेच जण आधी तिकडे गेले. दोन वाजले तरी विहारात पन्नास माणसे नव्हती. नंतर काही आले, पण ते जेवूनच. पानावर बसून म्हणू लागले, "पोट भरलंय, मानाला घासभर वाढा." आजी पातेले घेऊन उभी होती. ती एवढेच बोलली, "आमच्याकडं कमी पडंल असं वाटलं व्हय तुम्हाला?" कोणाकडेच त्याचे उत्तर नव्हते. संध्याकाळी इंद्रायणीचा भात पातेल्यांनी वस्तीत वाटावा लागला.

आजीचे ते वाक्य आम्ही पूर्वी कुठेतरी वाचले होते. घरी येऊन विनयपिटक उघडले, तेव्हा सापडले. अडीच हजार वर्षांपूर्वी वैशालीत एका गरीब मजुराने भिक्खूसंघासह भगवंतांना भोजनाचे निमंत्रण दिले. त्याच्या मालकाने त्याला नेहमीपेक्षा जास्त मजुरी दिली आणि मजुराने भरपूर जेवण तयार केले. पण काही भिक्खूंच्या मनात आले, हा गरीब, तिथे बोरांशिवाय काय मिळणार? ते सकाळीच भिक्षा मागून जेवले आणि मग त्याच्याकडे येऊन 'थोडेच वाढ' म्हणू लागले. मजुराला ते फार लागले. मला पुरेसे वाढता आले नसते काय, असे तो बोलून दाखवू लागला. ही गोष्ट तथागतांच्या कानावर गेली. त्यांनी मजुराची समजूत घालून विषय मिटवला नाही. त्यांनी भिक्खूंनाच दोष दिला आणि नियम घातला, की एकाचे निमंत्रण घेतल्यावर आधी दुसरीकडे जेवणे हा दोष होय. आजारपणासारख्या कारणांना तेवढी सूट दिली. पाचित्तियातील हा ३३ वा नियम. एका मजुराचे मन दुखावले म्हणून संघाला नियम झाला, हे कष्टकरी बौद्धांनी घरोघर सांगण्यासारखे आहे.

कोणी म्हणेल, भगवंत तर निमंत्रण मौनानेच स्वीकारत, मग आम्ही गप्प राहिलो तर काय बिघडले? बिघडले असे, की ते मौन समोरासमोरचे होते. निमंत्रण देणाऱ्याला ते होकार म्हणून कळत असे आणि तो निश्चिंत मनाने चूल पेटवत असे. मोबाईलवरच्या मौनाचा अर्थ कोणालाच कळत नाही. निळा रंग आपला खरा, पण संदेश वाचल्याची निळी खूण म्हणजे होकार नव्हे.

आणि तो अंगठा! पाहिले, आवडले, येतो, की नुसते बरे म्हटले, काय समजायचे? आपल्या आजे-पणजांच्या नावापुढे सरकारी कागदावर 'निशाणी डावा अंगठा' असे लिहिले जाई, कारण त्यांच्या हाती अक्षर येऊ दिले नव्हते. बाबासाहेबांमुळे ते अक्षर आपल्या हाती आले. आज नातवंडे पदवीधर झाली, आणि घरच्या जेवणाच्या आमंत्रणाला पुन्हा अंगठाच उमटवू लागली. 'चौघे येतो' हे दोन शब्द लिहायला किती वेळ लागतो?

आमंत्रणाचे मोल आपल्याला इतरांपेक्षा जास्त कळायला हवे. वतनाच्या नावाखाली आपल्या माणसांनी गावाचे निरोप पायी पोचवले. रात्री-अपरात्री दुसऱ्याच्या घरच्या मयताची बातमी या गावाहून त्या गावाला नेली. गावच्या पंगतीत मात्र त्यांना पान नव्हते, उरलेसुरले लांबून मिळे. या वतनाच्या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. आज आपल्या घरचे आवतण आपल्या नावाने निघते आणि शेजारी बसून जेवायला माणसे येतात, ही त्या लढ्याची कमाई आहे. तिला बेपर्वाईने उत्तर देणे आपल्याला शोभत नाही.

पूर्वी वस्तीत घरोघर फिरून आवतण देत. त्यातच हिशेब असे. 'घरटी एक' म्हटले की एकाने जायचे. 'चूलबंद' म्हटले की सगळ्या घराने जायचे, त्या दिवशी चूल पेटवायची नाही. बोलवायला आलेला माणूस दारातच होकार-नकार घेऊन परते. मोबाईलने पायपीट वाचवली, पण तो दारातला जबाब हरवला. तो परत आणण्यासाठी आम्ही काही गोष्टी सुचवतो.

पहिली, घरात विचारून दोन दिवसांच्या आत उत्तर द्यावे. किती मोठे, किती लहान, हे लिहावे. यजमानाने तारीख दिली असेल तर ती पाळावी.

दुसरी, जमणार नसेल तर तसे सांगावे. 'बघू', 'प्रयत्न करतो' ही उत्तरे नव्हेत. त्यांनी यजमानाचे पान मांडलेलेही राहत नाही आणि उचललेलेही जात नाही. 'त्या दिवशी पाळी आहे, येता येणार नाही, बाळाला आशीर्वाद' एवढे लिहिले तरी पुरे. नकाराने नाती तुटत नाहीत, खोट्या होकाराने तुटतात.

तिसरी, आधी दिलेला शब्द खरा. त्याच वैशालीत आम्रपालीने भगवंतांना भोजनाला बोलावले होते. श्रीमंत लिच्छवींनी तिला ते भोजन आपल्याला सोडून देण्यासाठी लाखाची किंमत देऊ केली. तिने नाही म्हटले. मग ते स्वतः भगवंतांकडे गेले, तेव्हा आम्रपालीचे निमंत्रण आधीच स्वीकारले आहे, असेच उत्तर त्यांना मिळाले. आपल्याला मात्र लॉनवरची पत्रिका आली की विहारातले जेवण आठवत नाही.

चौथी, अडचण सर्वांनाच येते. पोर आजारी पडते, लोकल चुकते, शनिवार-रविवारी घाटात गाड्यांच्या रांगा लागतात. अशा वेळी लगेच फोन करावा. आदल्या संध्याकाळी कळले तर आचारी तांदूळ कमी भिजवतो. पानावर बसायच्या वेळी कळले तर उपयोग नसतो.

पाचवी, उत्तर यजमानाला स्वतंत्र पाठवावे. ग्रुपवर अभिनंदनाच्या गर्दीत ते हरवते. 'मटण आहे का?' असे तर ग्रुपवर चुकूनही विचारू नये. यजमानाची ऐपत चारचौघांत मोजली जाते.

यजमानाचेही कर्तव्य आहे. ग्रुपवर पत्रिका टाकली म्हणजे आमंत्रण पोचले असे समजू नये. वडीलधाऱ्यांना आणि साधा फोन वापरणाऱ्यांना स्वतः जाऊन किंवा फोन करून सांगावे. पवन मावळ, आंदर मावळ, नाणे मावळातल्या काही वाड्यांवर पावसाळ्यात रेंज जाते. तिथल्या भावकीचे उत्तर आले नाही म्हणून राग धरू नये, कोणाकरवी निरोप धाडावा. पत्रिकेत दिवस, वेळ, ठिकाण यांबरोबर 'चूलबंद' की 'घरटी एक' हेही लिहावे. जुने शब्द आहेत, पण काम चोख करतात.

जाहीर कार्यक्रमाची गोष्ट वेगळी. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. दरवर्षी त्या दिवशी तिथे जायला कोणाला कळवावे लागत नाही, ते सर्वांचेच आहे. पण घरचे जेवण एका घराच्या मजुरीतून शिजते. तिथे आपला आकडा कळवणे म्हणजे त्या मजुरीचा मान राखणे.

त्या आजीने दुसऱ्या दिवशी आम्हाला डब्यात भात दिला. म्हणाली, "पुढच्या वर्षी पण बोलवीन सगळ्यांना." पुढच्या वर्षी तिच्या नातीचा दुसरा वाढदिवस येईल आणि वस्तीतल्या मोबाईलवर पुन्हा पत्रिका पडेल. तेव्हा आपल्यापैकी किती जण अंगठ्याऐवजी 'चौघे येतो' असे लिहितात, हे आम्ही त्या घरी जाऊन जरूर विचारणार आहोत.

जय भीम! नमो बुद्धाय!