सोडतीपूर्वीची पुण्याई

युरोपातील क्लबांच्या फुटबॉल स्पर्धांची मुख्य फेरी सप्टेंबरात सुरू होते. परंतु लहान देशांच्या विजेत्या संघांची धडपड त्यापूर्वीच, जुलै महिन्यात, पात्रता फेऱ्यांतून सुरू झालेली असते. कोणाची गाठ कोणाशी पडावी, हे स्वित्झर्लंडमधील न्यों येथे सोडतीने ठरते. मात्र ही सोडत सर्वस्वी दैवाधीन नसते. तिच्यामागे मानांकनाचा हिशेब असतो.

तो हिशेब असा. गेल्या पाच हंगामांत संघाने युरोपीय स्पर्धांत मिळविलेल्या गुणांची बेरीज करावयाची. मुख्य फेरीतील विजयास २ गुण, बरोबरीस १, आणि पुढच्या फेऱ्या गाठल्यास आणखी काही. मग संघ उतरत्या क्रमाने मांडून यादीचे दोन समान भाग पाडावयाचे. वरचे मानांकित, खालचे बिगरमानांकित. दोन भांड्यांतून एकेक चेंडू काढून जोड्या लावतात. एकाच देशाच्या दोन संघांची गाठ मात्र पडू देत नाहीत.

इंग्रजीत यास 'सीडिंग' म्हणतात. 'सीड' म्हणजे बी. रोपांची दाटी होऊ नये म्हणून माळी अंतर राखून बी पेरतो. बलवान संघांनी आरंभीच एकमेकांस बाद करू नये, एवढाच येथे हेतू.

परंतु ज्या संघापाशी मागील पाच वर्षांची कमाई नाही, त्याने काय करावे? त्याच्यासाठी देशाच्या एकूण गुणांकाचा एक पंचमांश धरतात. म्हणजे मोठ्या देशातील नवख्या संघास घराण्याची पुण्याई लाभते. लहान देशातील संघाच्या वाट्यास मात्र तुटपुंजा वारसा येतो. ही विषमता नाकारता येणार नाही.

तरीही नियमात एक खिडकी उघडी आहे. पुष्कळदा आधीच्या फेरीचे सामने संपण्यापूर्वीच पुढची सोडत काढतात. अशा वेळी त्या जोडीतील वरच्या संघाचा गुणांक धरला जातो. दुबळ्या संघाने त्यास हरविले, तर त्या फेरीपुरते त्याचे मानांकनही दुबळ्याकडेच येते.

आणि मैदान तर सर्वांनाच खुले. २०२१ साली मोल्डोवाच्या साखळीतील, तिरास्पोल येथील शेरीफ संघाने आपल्याहून अधिक गुणांक असलेल्या बेलग्रेडच्या रेड स्टारला १-१ व १-० असे, तर दिनामो झाग्रेबला ३-० व ०-० असे मागे टाकले आणि चँपियन्स लीगची मुख्य फेरी गाठली. त्या साखळीतील कोणत्याही संघास हे पूर्वी साधले नव्हते. पुढे २८ सप्टेंबर रोजी त्याच संघाने माद्रिदमध्ये रेआल माद्रिदला २-१ असे हरविले.

पात्रता फेरीच्या सोडतीची बातमी वाचनात आली, तर वाचकांनी जोडीतील अपरिचित नाव आधी पाहावे. तेथे पाच वर्षांची पुंजी नसेल. पण दोन सामन्यांची संधी निश्चित असते.