पूर्ण उतरू द्या!

आमच्या कसबा पेठेत ज्योतिष न कळणारा माणूस एक वेळ सापडेल, पण बॅटरीतलं न कळणारा माणूस सापडायचा नाही. तुम्ही चार्जर हातात घेऊन भिंतीकडे वळलात की कोपऱ्यातून आवाज आलाच म्हणून समजा. "अहो, आत्ताच कशाला लावताय? पूर्ण उतरू द्या. पूर्ण उतरली की मग लावा, नाहीतर बॅटरीला सवय लागते!" हे वाक्य मी गणपतीच्या मांडवात ऐकलं आहे, फडके हौदापाशी ऐकलं आहे आणि कॅश जुळत नसताना शेजारच्या काउंटरवरूनही ऐकलं आहे. सांगणाऱ्याचा चेहरा असा, की जणू बॅटरीचा शोध त्याच्या मामाने लावला.

हे वाक्य साफ चुकीचं आहे. नुसतं चुकीचं असतं तरी मी गप्प बसलो असतो, कारण चुकीची वाक्यं ऐकून घेण्याचा मला बँकेकडून पगार मिळतो. पण या वाक्याने आमच्या घरात एक बळी घेतला, म्हणून आता बोलणं भाग आहे.

२०१० साली नवव्या द्विपक्षीय कराराची थकबाकी अस्मादिकांच्या हातात पडली. पगार म्हणजे रोजचा वरणभात, थकबाकी म्हणजे जिलबी. तेव्हा घरात कोणाला न विचारता मी एक डिजिटल कॅमेरा आणला. साबणाच्या वडीएवढा, चंदेरी, बारा मेगापिक्सेलचा. मेगापिक्सेल म्हणजे काय ते मला कळत नव्हतं, पण डझन पूर्ण आहे याचं समाधान होतं. तीनेक वर्षं त्याने बारशी, मुंजी, हळदीकुंकू सगळं टिपलं. मग मोबाइलला बरा कॅमेरा आला आणि हा गेला कपाटाच्या वरच्या कप्प्यात. ठेवण्यापूर्वी मी पेठेतल्या समस्त तज्ज्ञांना स्मरून त्याची बॅटरी शेवटच्या थेंबापर्यंत उतरवली. बरणी धुऊन, पुसून, पालथी घालून ठेवावी तशी.

परवा आमची अकरावीतली कन्या म्हणाली, "बाबा, आपल्याकडे डिजिकॅम होता ना? कॉलेजात सगळ्या आईवडिलांचे जुने आणतायत. फोटो काय भारी येतात!" आपल्या तरुणपणाची एखादी वस्तू पुन्हा फॅशनमध्ये आलेली पाहणं, हा वय झाल्याचा पहिला अधिकृत दाखला असावा. मी स्टुलावर चढून कॅमेरा काढला. बटण दाबलं, ढिम्म. बॅटरी चार्जरला लावली, तर लाल दिवा दोनदा मिचकावला आणि कायमचा मिटला.

लगेच घरगुती न्यायालय बसलं. सौ. म्हणाली, "मी तेव्हाच म्हटलं होतं, भंगारात द्या." मेहुणे आलेले होते, ते म्हणाले, "भाऊजी, कॅमेरा गेला. पंधरा वर्षं म्हणजे काय थोडी झाली?" आता मला सांगा, तेल संपलं म्हणून कोणी समई भंगारात घालतं का? काच निर्मळ, बटणं शाबूत, अंगावर ओरखडा नाही, आणि निकाल काय, तर कॅमेरा गेला! गेली होती ती बॅटरी. तीही आपल्या पावलांनी गेलेली नव्हती, आम्ही तिला पोचवली होती.

त्या 'सवयी'चं मूळ सांगतो. पूर्वी निकेल-कॅडमियमचे सेल असत, त्यांना खोड होती. रोज अर्धेच वापरून भरले, तर पुढे ते अर्ध्यावरच दम टाकतात, असा अनुभव होता. त्यांच्यासाठी दिलेला सल्ला बरोबर होता. पण १९९१ साली सोनी कंपनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली आणि पुढे कॅमेऱ्यांत तीच आली. तिला ही खोडच नाही. उलट तिला थोडं वापरून थोडं भरलेलं मानवतं, आणि तळ गाठलेला तर मुळीच खपत नाही. म्हणजे रोगी बदलला, रोग बदलला, पण आमच्या पेठेने औषधाची चिठ्ठी तीच ठेवली. २०१९ साली या बॅटरीसाठी तिघा शास्त्रज्ञांना नोबेल मिळालं. त्यातले गुडइनफ तेव्हा सत्त्याण्णव वर्षांचे होते. आणि आमच्या घरी पंधरा वर्षांच्या कॅमेऱ्याला 'वय झालं' म्हणतात!

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, रसायनाशी माझा संबंध चहापुरता. पण बॅटरी मला लगेच समजली, कारण ती हुबेहूब बचत खात्यासारखी आहे. तिला किमान शिल्लक लागते. भरलेली असते तेव्हा ४.२ व्होल्ट; अडीच-तीनच्या खाली गेली की आतलं संरक्षक मंडळ खिडकी बंद करतं आणि चार्जरही तिला ओळख दाखवत नाही. नुसती पडून राहिली तरी थोडी थोडी गळतेच, वर कॅमेऱ्यातच ठेवली तर आतलं घड्याळ रोज चिमूटभर काढून घेतं. शिल्लक शून्य करून ठेवलेल्या खात्यातून असे रोजचे चार आणे वजा होत गेले, तर दहा वर्षांनी काय उरणार? बरं, काठोकाठ भरून ठेवावी, तर तेही तिला सोसत नाही, गरम जागी तर नाहीच. निम्मी भरायची, कॅमेऱ्यातून काढायची, थंड कोरड्या जागी ठेवायची आणि दोन-तीन महिन्यांनी विचारपूस करायची. खातं दोन वर्षं हललं नाही तर आम्हीसुद्धा ते निष्क्रिय ठरवतो. पण खातेदार कागदपत्रं घेऊन आला की ते पुन्हा चालू होतं. बॅटरीत ती सोय नाही.

पेन्सिल सेलवर चालणारे कॅमेरेही होते, मेहुण्यांकडे अजून आहे. त्यावर ते फुशारकी मारतात, आणि खरं सांगायचं तर ती रास्त आहे. रिचार्जचे चार निकेल-मेटल हायड्राइड सेल घेतले की तो कॅमेरा आजही फ्लॅश मारतो. मात्र घड्याळातले साधे सेल घातलेत तर दहाबारा फोटोंत मान टाकेल. तेच सेल काढून पुन्हा भिंतीवरच्या घड्याळात घाला, ते सहा महिने टिकटिक करतील. सेल मेलेला नसतोच. घड्याळ चिमटीने मागतं आणि फ्लॅश पायलीने, एवढाच फरक. तरी आम्ही म्हणणार, "कॅमेरा सेल खातो हो!"

पेठेला बोलून झालं, आता कंपन्यांकडे वळतो. पेन्सिल सेल कोणत्याही वाण्याकडे मिळतो, मग लिथियमचीच बॅटरी प्रत्येक मॉडेलला वेगळी का? एक अर्धा मिलिमीटर जाड, दुसरीची खाच डावीकडे, तिसरीच्या नावात एक अक्षर जास्त. मॉडेल बंद झालं की बॅटरी बंद, आणि बॅटरी बंद की चांगला कॅमेरा आंधळा. आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर तांबट आळी आहे. पेशवाईपासून तिथे हातोड्यांचा ठणठणाट चालू आहे. आजोबांचा बंब गळायला लागला की अण्णा, म्हणजे आमचे वडील, तो तिथे नेत. तो कोणत्या वर्षीचा, कोणी घडवलेला, असं तिथे कोणी विचारलं नाही. डाक लावली, ठोकठाक केली, बंब घरी. "साहेब, हे मॉडेल आता येत नाही," हे वाक्य तांब्याच्या धंद्यात ऐकलेलं नाही. युरोपीय संघाने २०२३ साली कायदा केला आहे, की फेब्रुवारी २०२७ पासून अशा उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः बदलता आली पाहिजे आणि उपकरणाची विक्री थांबल्यावरही निदान पाच वर्षं ती मिळाली पाहिजे. चांगलं आहे. माझ्या कॅमेऱ्याला मात्र पाच वर्षांनी भागत नाही.

एवढा हट्ट कशासाठी, असं सौ.नेही विचारलं. तेव्हा सांगावं लागलं. २०१२ च्या गणपतीत, विसर्जनाच्या आदल्या दिवशी, मी कॅमेरा घेऊन निघालो आणि कार्ड घरी संगणकातच राहिलं. कॅमेऱ्याच्या पोटात दहाएक फोटोंपुरती जागा होती, तेवढे काढले. पुढे ते उतरवून घ्यायचे राहून गेले. त्या जानेवारीत अण्णा गेले.

सौ. काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी डबा भरताना म्हणाली, "अहो, येताना तपकीर गल्लीत जाऊन या."

तपकीर गल्लीत पहिल्या दुकानदाराने मला नवा कॅमेरा दाखवला. दुसऱ्याने कॅमेऱ्याऐवजी मोबाइल दाखवला. तिसऱ्याने खरोखर बॅटरी दाखवली. माझ्या मूळ बॅटरीवर ७४० मिलिअँपिअर-तास लिहिलेलं, याच्या तेवढ्याच आकाराच्या बॅटरीवर १८००! लेबलावर काय, कोणी काहीही लिहावं. मी तिथून सटकलो. शेवटी एका जिन्यावरच्या दुरुस्तीवाल्या पोराने माझी बॅटरी मीटरला लावली. "काका, एक व्होल्टसुद्धा नाहीये."

"जोर लावून चार्ज नाही का होणार?"

"नको काका. इतकी उतरली की आतली तांब्याची पत्री विरघळते. मग चार्ज केली की ते तांबं भलतीकडे साचतं आणि आतल्या आत शॉर्ट होतं. फुगेल, पेटेलसुद्धा."

तांबट आळीशेजारी जन्म काढून तांब्याचा हा गुण मला ठाऊक नव्हता. त्याने एक पत्र्याचा डबा काढला. त्यात मेलेल्या कॅमेऱ्यांच्या जिवंत बॅटऱ्या. सातवी की आठवी बसली. माझ्या कॅमेऱ्याच्या आतले पितळी टोक त्याने खोडरबराने घासले, कोरड्या फडक्याने पुसले आणि बटण दाबलं. भिंग बाहेर आलं. पडद्यावर पहिला प्रश्न आला, आज तारीख काय? कॅमेऱ्याच्या मते १ जानेवारी २०१० होती.

पोटात नऊ फोटो निघाले. एकात माझा अंगठा. एकात कोणाच्या तरी स्कूटरचं चाक. उरलेल्या सातांत अण्णा, तांबट आळीच्या तोंडाशी, काखेत बंब, मला 'आता पुरे' म्हणत असलेले. पोराने फोटो कार्डावर उतरवून दिले आणि मोबदल्यात साडेचारशे रुपये घेतले. मी पाचशे पुढे केले, तर त्याने पन्नास परत दिले.

जुनी बॅटरी घरच्या कचऱ्यात न टाकता त्याच्याकडेच ठेवून आलो. नवीला निम्मी भरून वेगळ्या डबीत ठेवलं आहे. कॅमेरा कन्येचा, डबी माझी. आणि स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर दर तीन महिन्यांच्या पहिल्या रविवारी, दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी, मी 'बॅटरी' असं लिहून ठेवलं. आईला दुरून वाचता येत नाही. ती काल विचारत होती, "दर तीन महिन्यांनी कोणाचं रे श्राद्ध?"