डोळ्यांवरची झापड



गेल्या वर्षी घाटकोपर स्टेशनवर इंडिकेटर वाचताना मला हाताने पापणी उचलून धरावी लागली. साठी ओलांडल्यावर वरच्या पापणीची सैल कातडी बुबुळावर उतरली होती. दिवसभर भुवया ताणून बघायचं आणि संध्याकाळी कपाळ ठणकायचं. घरचे म्हणाले, "वय झालं. आता कुणाला दाखवायचंय?"

डॉक्टरीणबाईंनी मात्र नीट समजावलं. पापणीची जादा कातडी काढली की कपाळाचा ताण सुटतो आणि आधीच उतरलेली भुवई आणखी खाली येऊ शकते. अशा वेळी काहीजणींची भुवई त्याच छेदातून टाके घालून वर बांधतात. पण बाहेरच्या टेबलावर "दहा वर्षांनी तरुण दिसाल" म्हणत पॅकेज पुढे आलं. विमा कंपनीनेही तेच म्हटलं : हा सौंदर्योपचार, पैसे मिळणार नाहीत.

म्हणजे बाईला दिसेनासं झालं तरी प्रश्न तिच्या दिसण्याचाच!

हे शास्त्र नटण्यासाठी जन्मलेलं नाही. १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने पुण्याची हकिगत छापली. शत्रूने कापलेलं कावसजीचं नाक, विटा करणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने कपाळाच्या कातडीतून पुन्हा घडवलं होतं. नाक कापणं ही आपल्याकडे बायकांना दिली जाणारी शिक्षाही होती, हे विसरू नका.

आरोग्य विम्यातून सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया सहसा वगळलेली असते. मात्र तब्येतीचा थेट, तातडीचा धोका टाळणाऱ्या आवश्यक उपचाराला अपवाद आहे. तशी गरज डॉक्टरांनी लिहून द्यावी लागते. म्हणून दृष्टिक्षेत्राची तपासणी, फोटो आणि डॉक्टरांचं पत्र आधीच घ्या. नकार आला तर लेखी कारण मागा. विमा लोकपालाकडे तक्रार करता येते. डोळे कोरडे पडणं, पापणी पूर्ण न मिटणं हे धोकेही विचारून घ्या. आणि पापणी अचानक पडली, एकाचं दोन दिसू लागलं, तर वयावर ढकलू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

कुणी रूपासाठी ही शस्त्रक्रिया केली, तर तिला हसण्याचा हक्क आपल्याला नाही. पण काउंटरवर तरुणच चेहरा हवा, म्हणून बाईला सुरीखाली जावं लागत असेल, तर दुरुस्ती तिच्या चेहऱ्याची नव्हे, त्या काउंटरची करायला हवी.

मी भुवयांसकट शस्त्रक्रिया करून घेतली, साठवलेल्या पैशांतून. चेहरा साठीचाच आहे. इंडिकेटर मात्र आता लांबूनही वाचता येतो.