राखणदाराला शिधा कोण देतो?

धामापूरच्या तळ्याची गोष्ट इथल्या पोरासोरांना पाठ असते. घरात लग्न निघालं आणि अंगावर घालायला सोनं नसलं, की फुलांचे दागिने गुंफून परडीत ठेवायचे आणि ती परडी तळ्यात सोडायची. देवी भगवती त्याच घडणीचे सोन्याचे दागिने द्यायची. कार्य उरकलं की दागिने पुन्हा पाण्यात. एकाने ते परत केले नाहीत, आणि देवीचं देणं कायमचं थांबलं.

गावातल्या एका निवृत्त गुरुजींनी ही गोष्ट माझ्यावर उलटवली. मी काकूच्या मोबाइलमध्ये जाहिराती अडवणारं साधन बसवत होते. गुरुजी म्हणाले, "बातमी फुकट वाचूची आणि जाहिरात अडवूची? मगे ज्येना दागिने परत करूक नाय, तेच्यात आणि तुझ्यात फरक काय?"

आक्षेप प्रामाणिक आहे. त्याचा अर्धा भाग मला मान्यही आहे. मराठीतलं पहिलं वृत्तपत्र 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी काढणारे बाळशास्त्री जांभेकर आमच्याच सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या पोंभुर्ल्याचे. 'दर्पण' १८४० मध्ये बंद पडलं. वृत्तपत्र जगवणं तेव्हाही सोपं नव्हतं, आजही नाही. जाहिरातीशी माझं वैर नाही. 'किर्लोस्कर' मासिकाचा जन्मच १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' या नावाने, नांगर बनवणाऱ्या कारखान्याचं मुखपत्र म्हणून झाला, आणि पुढे त्याने मराठी घराघरांत विचार पोहोचवले. छापील पानावरची नांगराची जाहिरात आपल्या चौकटीत राहायची. ती वाचणाऱ्याच्या मागे शेतापर्यंत जात नसे.

मोबाइलवरच्या जाहिरातीचं तसं नाही. पान उघडताच, ते पुरतं दिसायच्या आत, आपला फोन कोणता, आपण साधारण कुठे आहोत, काय वाचतो आहोत, ही माहिती अनेक अनोळखी कंपन्यांकडे जाते. त्या आपल्या नजरेसाठी लिलाव करतात, आणि जो जास्त बोली लावेल त्याची जाहिरात आपल्यासमोर येते. हे सगळं क्षणार्धात घडतं. परडी सोडणाऱ्याला आपण काय घेतो आणि काय परत करायचं आहे, हे ठाऊक होतं. करार उघड होता. इथे काकूला कोणी विचारलं होतं का, की एका बातमीच्या बदल्यात तू काय काय देशील?

काकूचंच सांगते. ती पाककृती शोधत होती. मधेच अख्खा पडदा लाल झाला, 'तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे'. बंद करायची फुली इतकी बारीक, की बोट नेमकं खालच्या बटणावर पडलं. फोन साफ करून देण्याचं सोंग घेतलेलं एक अ‍ॅप आत आलं आणि त्या दिवसापासून फोनला हात लावला की आधी जाहिरात. मी घरी आले तेव्हा ती रडवेली झाली होती. "बाय, मी कायच दाबूक नाय," हेच पुन्हा पुन्हा सांगत होती. चूक तिची नव्हती, पण लाज तिला वाटत होती. हे मला सगळ्यात जास्त लागलं.

गुरुजी, विश्वास आधी कोणी मोडला? बातमीचं किंवा डाउनलोडच्या बटणाचं रूप घेऊन येणारी जाहिरात केंद्र सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानेही ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत फसवणुकीच्या तेरा प्रकारांत घातली आहे. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने एप्रिल २०१८ मध्ये एका बड्या वृत्तपत्रसमूहाचा दावा फेटाळून जाहिरात अडवणं ही गैरस्पर्धा नसल्याचं ठरवलं. अमेरिकेच्या एफबीआयने तर डिसेंबर २०२२ मध्ये खोट्या जाहिरातींतून होणारी लुबाडणूक टाळण्यासाठी लोकांना असं साधन वापरायचा सल्लाच दिला. आमच्याकडे मासळीवाली गडग्याबाहेरून हाक मारते. हवी असली तर आपण बाहेर जातो. ती माजघरात शिरून कपाटं उघडत नाही, आणि गडगा घातला म्हणून आपल्याला चोर म्हणत नाही.

दुसरं म्हणणं तरुण मंडळींचं. "मग कुठलंही ब्लॉकर टाक ना, सगळी सारखीच." हे मत मला गुरुजींच्या आक्षेपाहून जास्त धोक्याचं वाटतं. असं साधन आपल्या ब्राउझरमध्ये बसलं, की आपण उघडतो ते प्रत्येक पान ते वाचू शकतं आणि बदलूही शकतं. त्याशिवाय त्याला काम करताच येत नाही. म्हणजे आपण घराची किल्ली देतो आहोत. २०१८ मध्ये अ‍ॅडगार्ड या कंपनीने क्रोमच्या दुकानातली पाच बनावट ब्लॉकर उघडकीला आणली, तेव्हा ती वापरणाऱ्यांची संख्या दोन कोटींच्या वर होती. नावं खऱ्यासारखी, चित्रं खऱ्यासारखी. लोकांनी शोधात वर दिसलं ते उचललं होतं.

म्हणून राखणदार ठेवताना पहिला प्रश्न, त्याला शिधा कोण देतो? अ‍ॅडब्लॉक प्लस हे जुनं आणि प्रसिद्ध साधन. पण २०११ पासून ते काही जाहिरातींना 'स्वीकारार्ह' ठरवून आत सोडतं आणि त्यासाठी बड्या कंपन्यांकडून पैसे घेतं. ते हे उघडपणे सांगतं आणि ती सवलत आपल्याला बंदही करता येते. तरी ज्याला दोन्हीकडून शिधा मिळतो त्याच्या हाती मी काकूचं कवाड देणार नाही.

माझी पसंती युब्लॉक ओरिजिनला. रेमंड हिल यांनी २०१४ मध्ये ते लिहायला घेतलं. त्या साधनाचा मूळ कोड सगळ्यांसाठी उघडा आहे आणि हिल देणगीसुद्धा घेत नाहीत. नावातलं 'ओरिजिन' बघूनच घ्यावं. नुसत्या 'युब्लॉक' नावाचं साधन वेगळ्या लोकांचं आहे. जाहिरातींच्या ठिकाणांच्या याद्या स्वयंसेवक अद्ययावत ठेवतात. यादीतल्या ठिकाणी ब्राउझरला जाऊच दिलं जात नाही, त्यामुळे जाहिरात नुसती झाकली जात नाही, ती मुळात उतरतच नाही. धो धो पावसात रेंज एका काडीवर आलेली असताना हा फरक लगेच जाणवतो. क्रोमने आपले नियम बदलून हे साधन बाहेर काढलं, तिथे आता त्याची 'लाइट' ही उणी आवृत्तीच चालते. आणि अँड्रॉइड फोनवरच्या क्रोममध्ये अशी साधनं बसतच नाहीत. क्रोम ज्या कंपनीचं, तिची मोठी कमाई जाहिरातींची आहे, हे विसरून चालणार नाही. म्हणून मी काकूला फायरफॉक्स हा ब्राउझर दिला, फोनवरही हे साधन त्यात पुरतं चालतं.

ब्राउझरबाहेरच्या अ‍ॅपसाठी अँड्रॉइड ९ पासून सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' असतं. तिथे अडवणाऱ्या सेवेचा पत्ता घातला की बऱ्याच जाहिराती दारातच थांबतात. यूट्यूबच्या मात्र थांबत नाहीत, कारण तिथे जाहिरात आणि चित्रफीत एकाच घरातून येतात. शिवाय आपला फोन कुठकुठे जातो ते त्या सेवेला कळतं, तेव्हा शिध्याचा प्रश्न तिलाही विचारावाच लागतो.

गुरुजींच्या आक्षेपाचा उरलेला अर्धा भाग मी सोडलेला नाही. युब्लॉक ओरिजिन एकेका संकेतस्थळापुरतं बंद करता येतं. सिंधुदुर्गाच्या बातम्या देणारी दोन स्थळं काकू रोज वाचते. ती दोन्ही मी तिच्या फोनवर मोकळी ठेवली आहेत आणि एकाची वर्गणीही भरली आहे. लाल पडदा पुन्हा दिसला तर मला हाक मार, असं तिला सांगून ठेवलंय. अजून तरी हाक आलेली नाही.