हिंवाळ्यांतील पडसें व पाळण्यांतील बालक

मार्गशीर्ष लागला कीं घराघरांतून पहांटेच्या स्तोत्रपाठाबरोबर शिंका व खोकलेहि ऐकूं येऊं लागतात. सुंठीचा काढा उकळतो, कानांस उपरणीं गुंडाळलीं जातात, आणि "काल दहीं खाल्लेंस, आतां भोग!" असा निवाडा देऊन वडील माणसें मोकळीं होतात. असे निवाडे आम्हींहि पुष्कळ दिले. गेल्या हिंवाळ्यांत मात्र असा प्रसंग ओढवला कीं, आमचा निवाडा आमच्यावरच उलटला. लाजेखातर तो झांकून ठेवण्यापेक्षां वाचकांच्या कामीं यावा, म्हणून येथें सांगत आहों.

आमच्या धाकट्या चिरंजीवांस कन्यारत्न झालें. बाळ सात आठवड्यांचें असतांना आम्हांस पडसें झालें. ताप नव्हता, नाक गळे, घसा खवखवे, इतकेंच. सूनबाईंनीं दबकत सुचविलें, "मामंजी, चार दिवस बाळाला घेतलें नाहीं तर चालणार नाहीं का?" आम्हीं हंसून म्हटलें, "अग, आजोबाचें पडसें का कुठें नातीला बाधतें? तिला दुपट्यांत नीट गुंडाळ म्हणजे झालें." पांचव्या दिवशीं बाळाचें नाक भरलें, सातव्या दिवशीं तें दूध ओढीना, आणि त्या रात्रीं प्रत्येक श्वासासरशीं त्याच्या बरगड्यांखालची कातडी आंत ओढली जाऊं लागली. इस्पितळांत चार रात्री प्राणवायूवर काढून बाळ सुखरूप घरीं आलें. डॉक्टरांनीं सांगितलें कीं हा 'आर. एस. व्ही.' नांवाचा श्वसनमार्गाचा विषाणु होय. धडधाकट मोठ्या माणसांस तो बहुधा साधें पडसें देतो. तान्ह्या मुलांच्या बारीक श्वासनलिका मात्र सुजवून टाकतो.

आपण दोष थंडीला देतों. इंग्लंडांत सॉल्झबरी येथें १९४६ सालीं पडशाच्या अभ्यासासाठीं एक केंद्र निघालें. तेथें स्वयंसेवकांस भिजल्या अंगानें गार वाऱ्यांत ठेवून पाहिलें. पण नुसत्या गारठ्यानें कोणास पडसें झालें नाहीं. गारठा साह्यकारी होत असेल, परंतु बीं पेरल्यावांचून रोप उगवत नाहीं, आणि हें बीं माणसाकडून माणसाकडे जातें. हिंवाळ्यांत आपण दारें-खिडक्या लावून एका खोलींत दाटीनें बसतों, हें त्यास आयतेंच फावतें. शिवाय आपल्याकडे इन्फ्लुएन्झा पावसाळ्यांतहि डोकें वर काढतो. तेव्हां एकट्या थंडीस दोषी धरणें न्याय्य नव्हे.

हें ज्ञान आपणांस अगदींच परकें आहे असेंहि नाहीं. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत स्पर्श, निःश्वास, सहभोजन, एक शय्या, एक आसन व दुसऱ्याचीं वस्त्रें यांच्या द्वारां एकापासून दुसऱ्यास जडणाऱ्या रोगांत ज्वराची गणना केलेली आहे. विद्यार्थ्यांकडून ग्रंथांचीं नांवें पाठ करून घेण्यांत आमची हयात गेली. परंतु नात मांडीवर घेतांना त्यांतलें एक अक्षरहि आठवलें नाहीं!

पडसें हळूहळू चढतें. इन्फ्लुएन्झा मात्र एकाएकीं गांठतो. थंडी वाजून ताप, अंग ठेंचल्यासारखें दुखणें व अतिशय ग्लानि हीं त्याचीं लक्षणें. आमचे आजोबा ज्या १९१८ च्या 'मानमोडी'च्या आठवणी सांगत, ती हीच व्याधि. तिनें हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें नेलीं. तिचा विषाणु १९३३ सालीं लंडनमध्यें सांपडला. तो सारखें रूप पालटतो, म्हणून त्याची लस दरवर्षीं घ्यावी लागते. सहा महिन्यांखालील बालकास ती देतां येत नाहीं. म्हणून त्याच्या भोंवतालच्या माणसांनीं ती घ्यावी. गर्भवतीनें घेतल्यास तिचें संरक्षण जन्मल्यावर बाळासहि कांहीं महिने मिळतें. याविषयीं आपल्या डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा.

इन्फ्लुएन्झाचा रोगी लक्षणें दिसण्यापूर्वीं एक दिवस आधींच तो दुसऱ्यांस देऊं शकतो. म्हणून बाहेरून आल्यावर व बाळास घेण्यापूर्वीं साबणानें वीस सेकंद हात धुणें आणि दिवसांतून कांहीं वेळ खिडक्या उघड्या ठेवणें, हा घराचा नित्यनेमच असावा. शिंकतांना रुमाल, नाहीं तर कोंपर तोंडापुढें धरावें. आजाऱ्यानें निराळें निजावें. त्याचा पेला व पंचा वेगळा असावा. मातेसच पडसें झाल्यास तिनें अंगावर पाजणें थांबवूं नये. हात धुवून व तोंडावर मास्क बांधून पाजावें.

विषाणूवर प्रतिजैविकें चालत नाहींत. तेव्हां मागील दुखण्यांतल्या उरलेल्या गोळ्या कपाटांतून काढूं नयेत. मुलांस ॲस्पिरीन देऊं नये. खोकल्याचीं औषधें लहान मुलांस डॉक्टरांस विचारल्यावांचून पाजूं नयेत, आणि वर्षाच्या आंतील बालकास मध चाटवूं नये.

डॉक्टरांकडे केव्हां धांवावें? बालक शांत असतां घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजावे. दोन महिन्यांखालीं ६०, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत ५०, आणि त्यापुढें पांच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास भरल्यास विलंब करूं नये. बरगड्यांखालीं खळगा पडणें, दूध न ओढणें, ओठ निळसर होणें, किंवा तीन महिन्यांखालील बालकास १००.४ अंश ताप येणें, यांपैकीं एकहि चिन्ह दिसल्यास रात्र असो वा दिवस, निघावें. वृद्धांस धाप लागली किंवा बोलण्यांत भ्रम दिसूं लागला, तरी हाच नियम.

शेवटीं आमच्या वयाच्या मंडळींस एक विनंति. पूजेच्या सोंवळ्यांत असतां "दूर राहा रे, शिवूं नका" असें नातवंडांस सांगतांना आमची जीभ कधीं अडखळली नाहीं. मग नाक गळत असतां तेंच स्वतःस सांगण्यांत कमीपणा कसला? एकत्र कुटुंबांत सून सासऱ्यास नको म्हणूं शकत नाहीं. म्हटलें तरी आमच्यासारखा तें हंसण्यावारी नेतो. म्हणून ही गोष्ट वडिलांनींच आधीं बोलावी. यंदां आम्हांस पुन्हां पडसें झालें. पहिली शिंक येतांच पांघरूण घेऊन आम्ही माडीवरच्या खोलींत गेलों. नात जिन्याच्या पायथ्याशीं आईच्या कडेवरून हात हालवीत असे, आणि आम्ही वरून. सूनबाईंस या खेपेस कांहींच बोलावें लागलें नाहीं.