अनुभवाच्या नावाखाली वेठ नको

भूमच्या वस्तीतली आपली लेक तीन वर्षांचा जीएनएम पूर्ण करते. आईबापांनी उसनवारी करून फी भरलेली असते. नोकरीला गेली की पहिला प्रश्न, ‘अनुभव आहे का?’ नाही म्हटले की तुटपुंज्या पगारात बारा तास ड्युटी, वर मूळ प्रमाणपत्रे जमा करा.

आम्हाला हे मान्य नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या निर्देशानंतर केंद्राच्या समितीने शिफारस केली, की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही नर्सला महिना किमान 20,000 रुपये मिळावेत. शिफारस म्हणजे कायदा नव्हे, पण पगार ठरवताना हा आकडा आपल्या तोंडी असावा.

पालकांनो, आधी महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी करून घ्या. झेरॉक्स द्या, मूळ कागद देऊ नका. नेमणूकपत्र लेखी मागा. जिल्हा परिषद, राष्ट्रीय आरोग्य अभियान यांच्या जाहिराती विहारात वाचून दाखवा. शिकलेल्यांनी फॉर्म भरून द्यावेत.

तथागतांनी आजारी भिक्खूची स्वतः शुश्रूषा केली. सेवा आपला धम्मच आहे. पण महार वतनाच्या वेठीविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 साली विधेयक मांडले, ते आपल्या लेकींनी पांढऱ्या गणवेशात पुन्हा वेठ करावी म्हणून नव्हे.

जय भीम!