पाळेवरची बाभूळ

गेल्या रविवारी संध्याकाळी आमच्या आदिलाबाद भागातल्या एका तलावाच्या पाळेवर होतो. पोरं होडीसाठी रांगेत, आयाबाया भाजलेली कणसं घेऊन बसलेल्या. पाण्याच्या अंगाला दगडी पिचिंगमधून मनगटाएवढी बाभूळ वर आली होती आणि तिच्या सावलीत दोघं निवांत बसले होते. माझं लक्ष त्या बाभळीवरून हटेना.

मातीच्या धरणाच्या पोटात काळी माती असते, वरून मुरूम. बाभळीचं मूळ आत शिरतं, झाड मेलं की कुजतं आणि पाण्याला आयती वाट मिळते. घुशीचं बीळही तेच करतं. पाणी माथ्यावरून वाहू लागलं, तर काही तासांत भिंत खरवडून निघते.

कडेम आठवा. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातलं हे धरण, 2016 पासून निर्मलमध्ये. तिथेही लोक होडीत बसायला जातात. 1958 च्या ऑगस्टमध्ये, बांधकाम चालू असतानाच, पुराने त्याची मातीची भिंत फोडली. मग दरवाजे वाढवून अठरा केले. जुलै 2022 मध्ये सुमारे पाच लाख क्युसेक पाणी आलं, बाहेर जात होतं तीन लाखांच्या आसपास. अठरापैकी एक दरवाजा उघडलाच नाही. खालची गावं रातोरात हलवावी लागली. डाव्या बाजूचा मातीचा भराव वाहून गेला आणि ताण कमी झाला, म्हणून धरण वाचलं. पुढच्याच वर्षी पुन्हा पूर आला, तेव्हा चार दरवाजे अडले. एका वर्षात दरवाजे दुरुस्त होत नाहीत, हे मला अक्षम्य वाटतं.

तिकडे कोकणात तिवरे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटलं. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती.

धरण सुरक्षा कायदा 2021 मध्ये आला, पण तो मुख्यतः 15 मीटरहून उंच धरणांचा. गावोगावचे तलाव त्याबाहेरच राहतात. म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे: पाळेवर दिवे, बाकडी आणि होड्या आणण्याआधी झुडपं काढा, सांडवा मोकळा करा, दरवाज्यांना ग्रीस द्या.

तुम्हीही पुढच्या रविवारी पाळेच्या कोरड्या अंगाने पायथ्यापर्यंत उतरून बघा. झिरपणारं पाणी गढूळ दिसलं, तर आतली माती वाहून चालली आहे. त्याच दिवशी पाटबंधारे कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय परतू नका.